जाळं विणणारी बाई

शेंग फोडता फोडता सुगंधाने मान वर केली आणि दाणा तिच्या बोटांतच राहिला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक बाई वाळूत बसून जाळं विणत होती. त्या बाईचा चेहरा सुगंधाचा होता.

मंजुळाने आधी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आत्याकडे. तेच रुंद कपाळ, तीच किंचित पुढे आलेली हनुवटी. चित्र फार जुनं होतं, त्यावर सारखे ओरखडे उठत होते, माणसं जरा जास्तच भरभर हालत होती. पडद्यावरची बाई पोटुशी होती. शेजारची आत्याही. हॉलच्या खिडक्यांना काळी घोंगडी लावली होती आणि आत उकडत होतं. क्षणभर मंजुळाला वाटलं, आपल्याला घेरीच आली असावी.

मागच्या बाकांवर आसपासच्या गावांतून तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत कामाला येणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्या हसायला लागल्या.

"अगो बाय, बायमानूस जाळं इणते!"

"मंग दादला बसला असंल घरी, म्हावरा साफ करत!"

हसू सगळ्या हॉलभर पसरलं. किनाऱ्यावरच्या गावांत जाळं पुरुष विणतात. बायका मासळी निवडतात, सुकवतात, टोपलीत भरून बाजारात नेतात, पैशाचा हिशेबही त्याच बघतात. पण जाळ्याची लाकडी सुई बाईच्या हातात कोणी पाहिलेली नाही.

मग पडद्यावरच्या बाईने उजवा पाय लांब केला. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा फास अडकवला, खालचा ओठ दातांखाली मुडपला, सुई सरकवली, गाठ आवळली आणि गाठीवर हलकेच फुंकर मारली.

सुगंधाची बोटं मंजुळाच्या मनगटात रुतली.

गाठीवर फुंकर मारणारा माणूस त्यांच्या साऱ्या सातपाटी गावात एकच होता.

"आजा," मंजुळा पुटपुटली.

पडद्यावर ती बाई सुई टाकून उठली आणि पोटावर हात ठेवून दर्याकडे बघत उभी राहिली. होडी येत नव्हती. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मागच्या बाकांवरचं हसू आपोआप विरलं. चित्र तुटलं. निवेदकाचा आवाज म्हणाला, की त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभं राहायला बायका तयार नसत, बायकांची कामं पोरं करीत. किनाऱ्यावरच्या या पोराचं नाव कोणाला ठाऊक नाही.

चित्रपट होता मुक्या सिनेमाच्या दिवसांवरचा. बैलगाडीतून तंबू आणि यंत्र घेऊन गावोगाव फिरणारा एक म्हातारा, त्याचं यंत्र हाताने फिरवणारी त्याची बायको. बोलपट आले आणि तंबू ओस पडला, म्हाताऱ्याची दृष्टी गेली, आणि शेवटी रिकाम्या तंबूत ती दोघं बसली: ती यंत्र फिरवते आणि पडद्यावर काय चाललंय ते त्याला सांगते. मध्ये मध्ये कुठल्याशा गोदामात सापडलेली खरी जुनी रिळं जोडली होती. मंजुळा पालघरच्या कॉलेजात मराठी विषय घेऊन बी.ए. करत होती. तिचे कृष्णकांत सर वर्गात म्हणाले होते, "भाषा शिकणाऱ्याने एकदा तरी मुका सिनेमा बघावा. शब्द काढून घेतले की काय उरतं, ते कळतं. बघून या आणि रसग्रहण लिहा. गोष्ट सांगू नका; तुम्ही कुठे थांबलात ते सांगा." तारापूरच्या वसाहतीत शनिवार-रविवार दोन खेळ आहेत असं कळल्यावर तिने आत्याच्या नवऱ्याकडून पास मिळवला होता. घरी सांगितलं होतं, मैत्रिणीकडे जाते.

कारण सातपाटीच्या घरात आत्याचं नाव घ्यायचं नव्हतं.

*

सरावलीच्या खोलीत सुगंधाच्या नवऱ्याने, चंद्रभानने, चहा टाकला होता. तो वर्ध्याकडचा, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डर. दोघींचे चेहरे पाहून तो हसला.

"मी म्हटलं रडायचा पिक्चर हाये, रडून येतान. तुम्ही तं भूत पाह्यल्यावानी आल्या."

"माजा बाप बगितला," सुगंधा म्हणाली.

"कुठी?"

"पडद्यावर. लुगडं नेसून."

चंद्रभान मोठ्याने हसला, मग बायकोच्या तोंडाकडे पाहून थांबला. चहा उतू गेला तरी त्याने स्टोव्ह बंद केला नाही. मंजुळाने तो केला.

सुगंधा भिंतीला टेकून खाली बसली. सातवा महिना सरला होता. चारेक वर्षांपूर्वी सातपाटीच्या किनाऱ्यावर एक सिनेमा कंपनी आली होती. नाचाच्या गाण्यात मागे उभ्या राहायला गावातल्या पोरी हव्या होत्या. गंमत म्हणून पाच-सहाजणी गेल्या. सुगंधा नाचायची चांगली, म्हणून तिला पुढे घेतलं. सिनेमा पालघरला लागला तेव्हा तिचा चेहरा पडदाभर दिसला. तिचे वडील धर्माजी जमातीचे पंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत दर्यात उतरले आणि पोटच्या पोरीच्या नावाने अंघोळ करून आले. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्या किनाऱ्यावर गाणं बघायला आलेल्या गर्दीत चंद्रभान होता. पुढे त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा सुगंधाच्या बाजूने उभं राहायला कोणी नव्हतं.

"मी बाय होऊन नाचले," सुगंधा सावकाश म्हणाली. "ते बाप्या असून बाय जाले. नि अंघोळ माज्या नावाची!"

"मी सांगते आजाला. तोंडावर सांगते."

"काय सांगशील? म्हातारा मानी हाय. दर्यात जाईल, परत नाय यायचा." तिने पोटावरून हात फिरवला. "आय बाजारात भेटली परवा. टोपलीत पापलेट घालून गेली, वर बघितलं पन नाय. जाताना बोलली, पयलं बाळंतपन म्हायेरातच होतं गो पोरी. मी बोलले, कुठलं म्हायेर?"

चंद्रभानने कप पुढे केला. तिने तो घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला.

"तो पडद्यावर पोटावर हात ठेवून उभा राह्यला ना मंजू," ती म्हणाली, "तसा मी बी ठेवते. मला वाटलं, कोन माज्यावर पाळत ठेवून हाय."

*

धर्माजी चौथीपर्यंत शिकले होते. नात कॉलेजात जाते म्हणून जमातीत कुजबुज झाली तेव्हा तिच्या बाजूने तेच उभे राहिले होते. मोबदल्यात एकच अट होती: कॉलेजात जे लिहिशील ते आधी मला वाचून दाखवायचं. रविवारी सकाळी ते ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. अंगणातल्या बांबूंवर बोंबील वाळत होते. उंबऱ्यात त्यांची बायको रत्नाबाई कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होत्या.

मंजुळाने वही उघडली. तिने रात्री लिहिलं होतं, आणि कोणाचंही नाव लिहिलं नव्हतं.

"या चित्रपटात मला सर्वांत बोलकी वाटली ती एक मुकी बाई," ती वाचू लागली. "ती कोण, हे कोणाला माहीत नाही. ती दर्याकाठी बसून धन्याची वाट पाहते. ती गर्भार आहे. तिच्या ओठांवर एकही शब्द नाही, तरी तिला किती महिने झाले आहेत, तिची कंबर कुठे दुखते आहे आणि होडी येणार नाही हे तिला कधी कळले, हे सारे आपल्याला समजते."

"बरं लिवलंय," धर्माजी म्हणाले. सुई चालू होती.

"मात्र एक चूक आहे. ती बाई जाळे विणते."

रत्नाबाईंना हसू फुटलं. "बायमानूस नि जाळं? शेहरातल्या लोकांना काय कळतंय! उद्या बाप्याला पाट्यावर बसवतील मसाला वाटाया."

"प्रेक्षक हसले. पण मी हसले नाही, कारण ती विणत होती ते खरे होते. तिने उजव्या पायाच्या अंगठ्यात फास अडकवला होता. ती खालचा ओठ दाताखाली मुडपत होती. आणि प्रत्येक गाठ आवळली, की ती गाठीवर फुंकर मारत होती."

सुई थांबली.

रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं. ते तसंच राहिलं, आणि त्यांची नजर हळूहळू खाली गेली. समोर नवऱ्याचा उजवा पाय लांब पसरला होता. अंगठ्यात फास होता. नुकतीच आवळलेली गाठ धर्माजींच्या चिमटीत होती.

कोलमाची परात त्यांनी बाजूला सारली.

"अवो," त्या म्हणाल्या, "फुका बगू."

धर्माजींनी फुंकर मारली नाही.

"फुका म्हंते मी!"

"मंजुळा," धर्माजी म्हणाले, "वही मिट."

"मिटू नको गो. वाच. माज्या दादल्याचं वाच." रत्नाबाईंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "एवडी वरसं या मानसासंगं काडली. माज्या लुगड्याचा काष्टा नीट नाय, निऱ्या नीट नाय, म्हून सारखं बोलत व्हते. मला वाटं, बाप्याला कसं काय कळतं एवडं? तवाच इचारायला हवं व्हतं!" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. "नि माज्या पोरीला दर्यात बुडवून आलात तुमी?"

एक कावळा बोंबलांवर उतरला. एरवी धर्माजी हातातलं टाकून हाकलायला उठले असते.

"सोळा वरसांचा व्हतो," ते म्हणाले. "कंपनी आली व्हती. बाय मिळत नव्हती. माजं तोंड आयसारखं. सायेब बोलला, हा पोर चालंल. आय तवा पोटुशी व्हती, धाकट्याच्या टायमाला. तिला बगून केलं समदं. मी सांगितलं सायबाला, आमच्यात बाया जाळं नाय इणत. तो बोलला, हात रिकामे दिसतात, कायतरी कर. मला दुसरं काय येत व्हतं?"

"मग लाज कसली वाटली आजा?" मंजुळाने विचारलं. तिने रात्रभर घोकलेली कठोर वाक्यं कुठे गेली ते तिचं तिला कळेना.

"त्याची नाय वाटली." धर्माजींनी अंगठ्यातला फास काढला. तिथे वळ उठला होता. "फुडच्या थंडीत पालघरला तंबू आला. दोस्तांसंगं गेलो. कोनाला बोललो नव्हतो. वाटलं, वळखतील, हसतील, मजा येईल. कोनी वळखलं नाय. मी दिसलो नि पोरं शिट्ट्या मारायला लागली. काय काय बोलली त्या बायला. पोटुशी बायला. माज्या बाजूला माजाच दोस्त. त्यानं माज्या मांडीवर थाप मारली नि कानात सांगितलं, ही बाय गावली तर मी काय करीन ते."

रत्नाबाई उंबऱ्याला धरून बसल्या.

"मी लुगडं फेडलं नि सुटलो. बाप्या जालो परत. सुगंधाचं तोंड मी पडद्यावर बगितलं, नि त्याच शिट्ट्या, तेच बोलनं. माज्या मागच्याच खुर्चीवर. ती काय फेडनार? कशी सुटनार?"

चार वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते थांबले.

"शिट्ट्या मारनाऱ्यांना सोडलंत," रत्नाबाई म्हणाल्या, "नि अंघोळ पोरीच्या नावाची केलीत."

धर्माजींनी सुई उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग नातीकडे न बघता विचारलं,

"लोक हसली?"

"जाळं बघून हसली. तुमी उभे राहिलात तेव्हा कोणी हसलं नाय."

"कोनी रडलं?"

मंजुळा त्यांच्याकडे बघत राहिली. पंच धर्माजी, ज्यांच्यासमोर गावातले होड्या चालवणारे तांडेल आवाज खाली करून बोलत, ते लहान पोरासारखे हा प्रश्न विचारत होते.

"मागं एक बाय पदरात तोंड घालून रडत होती."

"नि ती?"

मंजुळाने बाही वर सरकवून मनगट पुढे केलं. नखांच्या चार लाल खुणा अजून उमटलेल्या होत्या. धर्माजींनी त्या पाहिल्या. डोळे अधू झाल्यापासून ते कुठलीही गोष्ट जवळ घेऊन बघत. तसं त्यांनी ते मनगट दोन्ही हातांत धरून जवळ घेतलं.

"परत कवा दावनार?"

"आज चार वाजता. उद्या रिळांच्या पेट्या मुंबईला जाणार."

ते आत गेले आणि पांढरा कोट आणि टोपी घालून बाहेर आले.

"तू येतेस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला नाय बगायचा लुगड्यातला दादला." रत्नाबाईंनी पदर कमरेला खोचला. "तुमी जा. मी मागली खोली सारवते."

मागली खोली म्हणजे बाळंतिणीची. गेली कित्येक वर्षं तिथे फुटकी खोकी आणि जुनी जाळी पडून होती. धर्माजी ऐकून न ऐकल्यासारखे पायऱ्या उतरले.

*

हॉलच्या दारावर आज चंद्रभानची पाळी होती; तो पास घेत उभा होता. मंजुळाच्या मागे पांढरा कोट दिसला आणि त्याने घाईघाईने वाकून पाय धरले. धर्माजी दचकून मागे सरले. हा कोण, ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "आत जागा हाय ना?"

आत अंधार झाला होता. मंजुळाने त्यांचा हात धरून त्यांना तिसऱ्या बाकावर नेलं आणि बसवलं. पलीकडे पुन्हा बघायला आलेली सुगंधा होती. ती बापाला पाहून एकदम ताठ झाली, उठायला गेली, पण तेवढ्यात यंत्र सुरू झालं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाय, बस की खाली!" ती बसली. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. मंजुळा पुढच्या बाकावर गेली.

तिने आज पडद्याकडे फारसं बघितलं नाही. जाळ्याचं चित्र आलं तेव्हा ती मागे वळली. पडद्याचा उजेड दोन चेहऱ्यांवर पडला होता, आणि ते तीन चेहरे, दोन खाली आणि एक वर, इतके एकसारखे होते की तिच्या अंगावर काटा आला. लोक हसले. धर्माजींचा खालचा ओठ मुडपला गेला होता. बाई उठली, पोटावर हात ठेवून उभी राहिली. धर्माजी पुढे झुकले.

"आय," ते म्हणाले.

ते कोणाला हाक मारत होते ते मंजुळाला आधी कळलं नाही. मग कळलं. ते स्वतःला बघत नव्हते. पडद्यावर त्यांची आई उभी होती. घरात तिचा एक फोटोही नव्हता. ती त्या बाळंतपणातच गेली, एवढंच मंजुळाला ऐकून माहीत होतं. पंचांचे खांदे हलत होते. त्यांच्याकडे बघू नये म्हणून मंजुळा पुढे वळली.

चित्रपट संपला. खिडक्यांवरची घोंगडी काढली आणि उन्हाने सगळ्यांचे डोळे दिपले. बाक सरकले, पोरं धावत बाहेर गेली, मागच्या बायका आपापसांत बोलत निघाल्या. यंत्रावरचा माणूस रिळं उलटी गुंडाळत होता. तिसऱ्या बाकावरची दोघं उठली नाहीत. धर्माजी हातातल्या टोपीकडे बघत होते. सुगंधा समोरच्या कोऱ्या पडद्याकडे.

"बाकी समदं बरोबर केलंत," ती म्हणाली.

धर्माजींची बोटं टोपीच्या कडेवर थांबली.

"उठलात ते चुकलं. पोटुशी बाय अशी सरळ नाय उठत."

त्यांनी मान वळवली. इतक्या वर्षांनी त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं: चेहऱ्याकडे, सुजलेल्या पायांकडे, बाकाची कड धरलेल्या हाताकडे.

"मंग कशी उटते?"

सुगंधा मधल्या मोकळ्या जागेत सरकली. तिने एक हात कमरेवर घेतला, दुसरा बापाच्या खांद्यावर ठेवला आणि सगळा भार त्या खांद्यावर टाकून सावकाश उठली.

धर्माजींनी खांदा हलवला नाही. ती उभी राहिली, तिचा श्वास ठिकाणावर आला, तरीही हलवला नाही.